तळटीप १४ : फौजदाराचा डावा हात

१४. उजवा दंड जायबंदी झाल्यावर चांदूर बाजारच्या फौजदाराला डाव्या हाताने पिस्तूल काढायला एवढा वेळ लागतो, यात लेखकाची अतिशयोक्ती नाही. होल्स्टर उजव्या कमरेला, मूठ मागे वळलेली. डावा हात पोटावरून नेला तर तळवा बाहेर फिरवावा लागतो आणि मूठ उलटी हातात येते. पाठीमागून नेला तर झाकणाचे बटन नुसत्या स्पर्शाने शोधायचे. ईशापूरच्या ९ मिमी पिस्तुलाचा सेफ्टीचा खटका डाव्या अंगाला, म्हणजे उजव्या अंगठ्याच्या सोयीचा. चेंबरमध्ये गोळी नसेल तर स्लाइड ओढायला दुसरा हातच नाही.

सरावलेल्या पोलिसाला हे जड जाऊ नये, असा आक्षेप येईल. पण धडधाकट उजव्या हाताचा सराव इथे कामी येत नाही. डाव्या हाताचा सराव मुद्दाम वेगळा करावा लागतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयाजवळ पोलिसांच्या क्वालिसवर गोळीबार झाला, तेव्हा मागे बसलेले पोलीस अरुण जाधव हातांना गोळ्या लागल्यामुळे जिवंत असूनही शस्त्र उचलू शकले नाहीत. त्यांचे शस्त्र पिस्तूल नव्हते, तरी जखमी हाताची अडचण तीच. मग होल्स्टर पोटाशीच का बांधू नये? कारण आठवडी बाजाराच्या रेटारेटीत समोरच्याचा हातही तिथे तितक्याच सहज पोचतो.