नागपूर ते गया: विमानाने अंतर किती, वेळ किती?

दीक्षाभूमीहून बोधगयेला जायला विमानाने किती वेळ लागतो, हा प्रश्न धम्मसहलीचे नियोजन करणारे तरुण कार्यकर्ते नेहमी विचारतात. म्हणून आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

हवाई अंतर
नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि गया विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे ७३० किलोमीटर आहे. तिकीट शोधताना नागपूरसाठी ‘एनएजी’ आणि गयेसाठी ‘जीएवाय’ हे कोड वापरावेत.

उड्डाणाचा वेळ
जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर चढण्या-उतरण्यासह हे अंतर साधारण सव्वा तासाचे आहे. पंख्याच्या छोट्या विमानाला पावणेदोन तास लागतील.

प्रत्यक्षात काय होते?
या दोन शहरांमध्ये थेट विमान सहसा मिळत नाही. दिल्लीमार्गे गेल्यास हवाई अंतर सुमारे १,७४० किलोमीटर होते, तर कोलकातामार्गे सुमारे १,४१०. म्हणजे दुप्पट किंवा त्याहून जास्त. मधला थांबा धरला तर अर्धा दिवस सहज जातो. रेल्वेने इटारसी, जबलपूर, प्रयागराज मार्गे बाराशे किलोमीटरहून अधिक प्रवास आहे आणि त्यात जवळजवळ एक दिवस मोडतो. पाटण्याला उतरल्यास तेथून बोधगया रस्त्याने सुमारे ११५ किलोमीटर, तर वाराणसीहून सुमारे २५० किलोमीटर आहे.

विमानतळाहून पुढे
गया विमानतळ गया शहर आणि बोधगया यांच्या मध्ये आहे. महाबोधी महाविहार तेथून दहा किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, गया जंक्शनहून थोडे अधिक. नागपुरात विमानतळ ते दीक्षाभूमी सहा-सात किलोमीटर.

मुद्दा काय?
थंडीच्या यात्राकाळात बँकॉकहून थेट विमाने गयेला उतरत आली आहेत. ते अंतर दोन हजार किलोमीटरहून जास्त आहे. आणि जिथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली, त्या नागपूरच्या उपासकाला ७३० किलोमीटरसाठी दिल्ली गाठावी लागते. त्यातही तिकिटाचा खर्च परवडत नाही म्हणून आपल्या वस्तीतली वयस्कर माणसे रेल्वेतच रात्र काढतात.

बोधगया आपल्यासाठी केवळ पर्यटनस्थळ नाही. १९४९ च्या कायद्यानुसार महाविहाराच्या व्यवस्थापन समितीत बौद्धांना पूर्ण अधिकार नाहीत. तो बदलावा म्हणून फेब्रुवारी २०२५ पासून तेथे आंदोलन सुरू झाले. महाराष्ट्रातून जाणाऱ्या कार्यकर्त्यांचा वेळ आणि पैसा वाटेतच संपू नये, हा साधा मुद्दा आहे.

विमान कंपनी प्रवासी मोजते. म्हणून विहार समित्यांनी आणि युवक मंडळांनी आपल्या भागातून दरवर्षी किती जण बोधगयेला जातात याची नोंद ठेवावी आणि तारखांसह ती खासदार, राज्य सरकार व विमान कंपन्यांपुढे मांडावी. नुसत्या निवेदनापेक्षा आकडा जास्त बोलतो. निदान बुद्ध पौर्णिमेच्या व हिवाळ्याच्या काळात थेट विमान मिळावे, ही मागणी अवाजवी नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!