जुन्या वह्या आणि पुढच्या हंगामाचा अंदाज

मंडळी, सोयाबीनचा हंगाम तोंडावर आला की नायगावच्या बाजारात आडत्यापासून शेतकरी कंपनीपर्यंत सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: यंदा माल किती येईल आणि त्यासाठी कर्ज किती उचलायचं? अंदाज चुकला तर वर्षभर व्याज भरत बसावं लागतं. म्हणून मागचे ताळेबंद काढले जातात. ते वाचायचे कसे, हे आज आपण इतिहासाच्या अंगानं पाहू.

पेशवाईत परगण्याच्या कारभारासाठी ‘बेहडा’ तयार होई. बेहडा म्हणजे त्या महालाच्या जमाखर्चाचा आगाऊ अंदाज. वर्ष सरलं की मामलेदारानं प्रत्यक्ष हिशेब द्यायचा, आणि तो पुण्यात तपासला जायचा. तिथल्या ‘एक बेरीज दफ्तरा’त सगळ्या खात्यांचे हिशेब संदर्भासाठी ठेवलेले असत; त्यांवरून वर्षाची जमा, खर्च आणि शिल्लक यांचे गोषवारे निघत, त्यांना ‘तर्जुमे’ म्हणत. म्हणजे अंदाजाचा कागद वेगळा, प्रत्यक्षाचा वेगळा. दोन्ही हाताशी असले की फरक कुठे पडला हे दिसतं. आपण मात्र ताळेबंद तेवढा जपतो. हंगामाआधी काय धरलं होतं, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

आता आपल्या मुलखाकडे या. नांदेड निजामाच्या राज्यात होतं. घरात आजोबांची खतावणी असेल तर तिच्यात रक्कम हाली सिक्क्यात आणि साल फसली असण्याची शक्यता आहे. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतं. सात हाली म्हणजे जवळपास सहा कलदार. एका वर्षी विक्री ७,००० हाली आणि काही वर्षांनी ६,००० कलदार दिसली, तर धंदा घटला असं आपण म्हणू का? नाही ना! नाणं बदललं, धंदा तेवढाच राहिला.

हे फक्त जुन्या काळापुरतं नाही बरं का. पूर्वी व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीला बदलायचं, आता ३१ मार्चला बदलतं. भाव वाढेल म्हणून मार्चपर्यंत थांबवलेला माल एप्रिलमध्ये विकला, तर एका हंगामाची कमाई दोन ताळेबंदांत विभागली जाते.

भावाचंही तसंच. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास पोचलं होतं. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजार त्याच्याही खाली होता. नुसती उलाढाल पाहिली तर तेवढाच माल विकणारा माणूस बुडताना दिसेल. म्हणून क्विंटल वेगळे मांडा, भाव वेगळा मांडा. दुष्काळाचं किंवा टाळेबंदीचं वर्ष असेल तर त्यावर खूण करा. ते सरासरीत मुकाट्यानं मिसळू नका. पण खोडूनही टाकू नका, कारण वाईट वर्षी हात किती आखडता घ्यावा लागतो ते त्यातूनच कळतं.

आणि एक वही नवी घाला. पेरणी झाली की तिच्यात चार आकडे लिहा: येणारा माल, धरलेला भाव, लागणारं कर्ज, थकणारी उधारी. हंगाम संपल्यावर शेजारच्या रकान्यात प्रत्यक्ष काय झालं ते लिहा. चार-पाच वर्षांत कळेल की आपण माल जास्त धरतो, की उधारी कमी धरतो. पुढचं कर्ज मागायला जाताना ती वही सोबत न्या.