झुकिनी : डांगराचं पोर आपल्या चुलीपर्यंत कसं आलं



आज औषध-फवारणीचं काही लिहीत नाही. आज थोडा इतिहास आणि थोडा स्वयंपाक. दोन्हीत मी काही जाणकार नाही, दहावी पास माणूस. पण झुकिनीने मला जो धडा दिला तो तुमच्या कामाला येईल म्हणून लिहितोय.

फेब्रुवारी 2020 मध्ये मी 10 गुंठ्यांत झुकिनी लावली. बेड, मल्चिंग, ठिबक, 5 बाय 2 फुटांवर साधारण 1000 रोपं. वेल नाही, मांडव नाही, झुडूपच. 40-45 दिवसांत माल चालू होतो. हिशोब सोपा होता, पुण्या-मुंबईची हॉटेलं माल उचलतात. पहिला तोडा निघाला आणि 25 मार्चपासून देश बंद. हॉटेलं बंद म्हणजे झुकिनी बंद. शेजारच्या रानातली गवार, वांगी गावात दारोदार खपली. माझी झुकिनी कुणी फुकट घेईना. "हे काय करायचं?" हाच प्रश्न. या पिकाला थांबता येत नाही. आज वीतभर असलेलं फळ दोन दिवस राहिलं की मनगटाएवढं, आठ दिवसांत मांडीएवढं. मी ती गुरांपुढं टाकत होतो.

आईने एक फळ हातात घेतलं, चिरलं, बिया पाहिल्या आणि म्हणाली, "बाळा, हे तर डांगराचंच पोर हाय. डांगर खातो तसंच खायाचं, त्यात काय एवढं?"

नंतर वाचलं तेव्हा कळलं, आईचं शब्दाला शब्द बरोबर होतं. इटालियन भाषेत भोपळ्याला 'झुक्का' म्हणतात, 'झुकिनी' म्हणजे छोटा भोपळा. फ्रेंच लोक भोपळ्याला 'कूर्ज' म्हणतात, त्यावरून 'कूर्जेत', तोच अर्थ. इंग्लंडने फ्रेंच नाव घेतलं. अमेरिकेत हे फळ इटालियन लोकांबरोबर गेलं, म्हणून तिथं इटालियन नाव राहिलं. बियाण्याच्या पाकिटावर कुठलंही नाव असो, पीक एकच.

पण हे पीक मूळचं इटलीचंही नाही. मेक्सिकोत वाहाका नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या गिला नाकित्स नावाच्या गुहेत या जातीच्या भोपळ्याच्या सुमारे 10000 वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या. जंगली बियांपेक्षा त्या मोठ्या होत्या, म्हणजे माणसाने निवडून लावलेल्या. त्या मुलखात मक्याच्याही आधी भोपळा लागवडीखाली आला. जंगली भोपळ्याचा गर पातळ आणि कडूजहर. म्हणून सुरुवातीला लोक बिया खात असावेत आणि कवटीची भांडी करत असावेत. कमी कडू फळाचं बी ठेवत ठेवत कित्येक पिढ्यांनी गर गोड केला. बी निवडणारी ती माणसंही आपल्यासारखीच शेतकरी होती.

पुढे तिथं मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात लावायची पद्धत बसली. मक्यावर घेवडा चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात आणि तण दाबतात. आपण ज्यासाठी मल्चिंग पेपर विकत आणतो ते काम तिथं भोपळ्याचं पान फुकट करायचं.

1492 ला कोलंबस अमेरिकेत पोहोचला आणि त्यानंतर ही बियाणी जहाजातून युरोपात गेली. रोममधल्या एका वाड्याच्या छतावर 1515 ते 1518 च्या दरम्यान रंगवलेल्या फळांच्या तोरणांत अमेरिकेचे भोपळे दिसतात. म्हणजे पंचवीस वर्षांत भोपळा चित्रात आला. पण कोवळी, लांबट, हिरवी झुकिनी तयार व्हायला एकोणिसावं शतक उजाडलं. ती इटलीतल्या मिलान शहराच्या परिसरात पुढे आली, फळ कोवळंच तोडायचं या सवयीतून.

आता आपल्याकडे या. दुधी आपल्याकडे फार जुना. मूळ आफ्रिकेचा, पण हजारो वर्षांपासून इथलाच झालेला. साधूचा कमंडलू त्याचाच. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा त्याच कुळातला, तो पंढरपूरकडच्या रानात पिकतो. लाल भोपळ्याची गोष्ट वेगळी. डांगर म्हणा, काशीफळ म्हणा, गंगाफळ म्हणा, तो अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, त्यानंतरच्या काळात मिरची, बटाटा, काजू, पेरू अशी अमेरिकेची पिकं इकडे आली, त्यातलाच तो.

पण आज लाल भोपळ्याला परका कोण म्हणेल? त्याचे घारगे झाले, भरीत झालं, उपासाची भाजी झाली. नाव देशी झालं, पक्वान्न देशी झालं. माझं मत असं की पीक रानात रुजलं म्हणजे आपलं झालं असं नाही, ते चुलीवर रुजावं लागतं. मिरची आपल्या ठेच्यात गेली म्हणून ती टिकली. माझी झुकिनी फक्त हॉटेलात जात होती, म्हणून हॉटेल बंद झालं तशी मातीमोल झाली.

त्या उन्हाळ्यात घरात जे जमलं ते सांगतो.

थालीपीठ. पाव किलोचं फळ सालीसकट किसायचं. अर्धा चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचं आणि पिळून घ्यायचं. झुकिनीत पाणी फार, पिळलं नाही तर पीठ सैल होतं आणि थालीपीठ तुटतं. निघालेलं पाणी फेकू नका, त्यातच पीठ मळा. दीड वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, कांदा, हिरवी मिरची, ओवा, तीळ. मीठ आधीच गेलंय, बेताने घाला.

परतून भाजी. आच मोठी, झाकण नाही. लसणाची फोडणी, जाड चकत्या, चार-पाच मिनिटं, मीठ शेवटी. झाकण ठेवलं की लगदा झालाच. मेक्सिकोत हीच भाजी मक्याचे दाणे, टोमॅटो आणि मिरची घालून करतात. आपल्या रानात चारही असतात.

फुलांची भजी. बारीक लांब देठाचं ते नर फूल, बुडाला छोटं फळ असलेलं ते मादी. फक्त नर फुलं सकाळी काढायची, तीही मधमाश्यांचं काम झाल्यावर, आणि थोडी झाडावर ठेवून. इटलीत ही फुलं तळून आवडीने खातात.

कुकरमधला केक. मोठं झालेलं फळ इथं खपतं. बिया आणि भुसभुशीत गर काढायचा. किसून घट्ट पिळलेला कीस एक वाटी, गव्हाचं पीठ दीड वाटी, बारीक गूळ एक वाटी, दही आणि तेल अर्धी-अर्धी वाटी, बेकिंग पावडर एक चमचा, खायचा सोडा पाव चमचा, वेलदोडा. कुकरच्या तळाला मीठ पसरायचं, वर स्टँड. शिट्टी आणि रिंग दोन्ही काढायची, पाणी घालायचं नाही. मंद आचेवर 40-45 मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झाला. नातवंडांना भाजी आहे हे कळलंसुद्धा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फळ कडू लागलं तर खायचं नाही. हजारो वर्षांपूर्वी जो कडूपणा माणसाने काढला तो कधीकधी परत येतो. त्या कडू द्रव्याला कुकुरबिटासिन म्हणतात, शिजवून ते जात नाही. 2015 मध्ये जर्मनीत एक 79 वर्षांचे गृहस्थ बागेतली कडू झुकिनी खाऊन गेले. आपल्याकडे कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. म्हणून चिरल्यावर कच्ची चकती जिभेला लावून बघा. कडू असेल तर थुंका आणि फळ टाकून द्या. मसाल्याने कडूपणा झाकू नका.

आणि बी घरी धरू नका. संकरित वाणाचं बी तसंच उगवत नाही. जवळ त्याच जातीचा शोभेचा कडू भोपळा असेल तर मधमाश्या परागकण आणतात. यंदाच्या फळाला काही होत नाही, पण त्या बियांपासून पुढच्या साली कडू फळ येऊ शकतं. दुधीशी झुकिनीचा संकर होत नाही, ती भीती नको. मात्र दुधीचं बी धरताना जवळ रानटी कडू भोपळा नाही ना, ते बघाच.

आता मी झुकिनी दोनच गुंठे लावतो. निम्मा माल शहरात जातो, निम्मा आठवडी बाजारात. बाजारात मंडळी स्वतः बसते. पाटीवर "झुकिनी" लिहिलं होतं तेव्हा कुणी थांबत नव्हतं. आता ती गिऱ्हाइकाला सांगते, "कवळं डांगर हाय ताई, थालीपीठ करा," आणि करायचं कसं तेही सांगते. पुढच्या बाजारी त्याच बाया परत येतात.

नवीन पीक लावणार असाल तर रोपवाटिकेला दर विचारायच्या आधी घरात विचारा, हे आपल्याकडे कशात घालता येईल? उत्तर मिळालं तर लावा.