पार्केट आसंजक

लाकडाच्या लहान पट्ट्या किंवा ठोकळे ठरावीक नक्षीत कोब्यावर कायमचे बसवण्यासाठी वापरायचा आसंजक. व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ च्या सुमारास संगमरवर काढून चौकटीचे पार्केट घातले गेले, कारण संगमरवर वारंवार धुतल्याने खालच्या लाकडी तुळया कुजत होत्या. ते पार्केट तुळयांच्याच आधारावर उभे होते. विसाव्या शतकात स्लॅब काँक्रीटचे झाले, खिळा ठोकायला खाली लाकूड उरले नाही आणि पार्केटची सगळी भिस्त चिकटवणीवर आली. तेव्हापासून आसंजक घेताना पहिली चौकशी ताकदीची होते. पण लाकूड किती फुगणार आणि खालचा कोबा किती ताण सोसणार हे ठाऊक नसेल, तर ताकदीचा आकडा निरुपयोगी आहे. पुष्कळदा तो दिशाभूलच करतो.

लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. रेषांच्या दिशेने त्याची लांबी जवळजवळ बदलत नाही; आडव्या दिशेने मात्र चांगलीच बदलते. ओलाव्याचे प्रमाण १ टक्क्याने वाढले की ओक रुंदीत सुमारे ०.३ टक्का फुगतो, साग सुमारे ०.२ टक्का. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असताना लाकडात साधारण ९ टक्के ओलावा टिकतो, ८० टक्के आर्द्रतेत तो १६ टक्क्यांच्या आसपास जातो. युरोपीय मानकानुसार कारखान्यातून निघणाऱ्या भरीव पार्केटात ७ ते ११ टक्के ओलावा असतो. असा ओक मुंबईतल्या ४ मीटर रुंद खोलीत उन्हाळ्यात घातला आणि पावसाळाभर खिडक्या उघड्या राहिल्या, तर मोकळे सोडल्यास ते लाकूड ८ सेंटिमीटरपर्यंत पसरू पाहील. आसंजक त्याला अडवतो, आणि अडवलेला तो सगळा जोर कोब्याच्या वरच्या पापुद्र्यावर येतो. उखडलेली पट्टी उलटी करून पाहिली की निदान समोरच दिसते. तिच्या पाठीवर आसंजकाच्या रेघा शाबूत असतात आणि त्यांना सिमेंटचा करडा पातळ थर चिकटलेला असतो. म्हणजे गोंदाने धरले होते, सुटला तो कोबा. अशा जागी आणखी कडक गोंद वापरला तर पापुद्रा आणखी लवकर निघेल.

जुन्या डांबरी पार्केटची साक्षही हीच आहे. डांबर हा मऊ, सावकाश सरकणारा आसंजक. ताकदीच्या मोजमापात ते आजच्या कोणत्याही उत्पादनापुढे फिके पडेल. तरीही डांबरावर बसवलेली पार्केट कित्येक दशके टिकली, कारण ठोकळे हलले तसे डांबरही हलले. ते पुन्हा वापरावे असा याचा अर्थ नाही. युरोपात दगडी कोळशाच्या डांबरापासून केलेल्या जुन्या काळ्या आसंजकांत बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगे असतात, म्हणून तशी जमीन उखडताना कोरडे घासू नये. डांबराचा लाकडाबरोबर हलण्याचा गुण आज सिलेन पॉलिमरच्या लवचीक आसंजकांत मिळतो. त्यांत पाणी नसते आणि आयसोसायनेटही नसते. दोन घटकांचा पॉलियुरेथेन अधिक कडक असतो. त्यातल्या डायआयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, म्हणून युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून अशी उत्पादने हाताळणाऱ्या कारागिरांना प्रशिक्षण सक्तीचे आहे. फेव्हिकॉलच्या जातीचा पांढरा गोंद स्वस्त आहे, त्याला वासही नाही. पण त्यातले पाणी पट्टी खालून पिते, आणि पातळ रुंद पट्टी वाकते.

लवचीक आसंजकावर खरा आक्षेप असा की तो लाकडाला सैल सोडतो आणि कोरड्या ऋतूत फटी वाढतात. आक्षेप रास्त आहे. लहान तुकड्यांच्या मोझेक पार्केटमध्ये शेजारशेजारच्या चौकोनांतल्या रेषा एकमेकींना काटकोनात असतात, त्यामुळे हालचाल बऱ्याच अंशी विभागली जाते. तिथे कोबा मजबूत असेल तर कडक आसंजक घ्यावाच. रुंद फळ्यांना, आणि भुसभुशीत कोब्यावर, थोड्या फटी पत्कराव्यात, कारण फट भरता येते. फुगून वर आलेली जमीन पुन्हा बसवावी लागते.

दुसरा आक्षेप विक्रेत्यांकडून येतो: ओल अडवणारा आसंजक असताना कोबा वाळण्याची वाट कशाला पाहायची? असा अडथळा सलग थर असेल तरच काम करतो, आणि दातेरी थापीने ओढलेल्या रेघा दाबल्यावर सगळीकडे मिळतातच असे नाही. म्हणून मोजमाप टळत नाही. कोब्याच्या खालच्या भागापर्यंत छिन्नीने तुकडा काढतात, कुटून त्याची ठरावीक वजनाची पूड पोलादी बाटलीत कॅल्शियम कार्बाइडच्या कुपीसह घालतात आणि बाटली जोराने हलवतात. पाण्यामुळे निघालेल्या ॲसिटिलीनचा दाब ओलावा सांगतो. सिमेंटच्या कोब्यासाठी २ टक्के आणि निर्जल जिप्समसाठी ०.५ टक्के ही रूढ मर्यादा. जमिनीखाली उष्णतेच्या नळ्या असतील तर त्याहून कमी.

लावण्याआधी कोब्यावरची सिमेंटची साय घासून काढावी, धूळ ओढून घ्यावी, आणि २ मीटरच्या पट्टीखाली ३ मिलिमीटरहून अधिक खळगा राहू देऊ नये. जुन्या चकचकीत टाइल्सवर बसवायचे असेल तर त्यांची झिलई घासून घालवावी. सागाची पाठ तेलकट असते. योग्य द्रावकाने पुसून ती लगेच चिकटवावी. आसंजक सहसा चौरस मीटरला एक किलोच्या आसपास लागतो, पण थापीचे दात झिजले की नकळत कमी पडतो. म्हणून दर थोड्या वेळाने नुकतीच बसवलेली एखादी पट्टी उचलून तिची पाठ पाहावी: सुट्या रेघा उमटल्या असतील तर दाब किंवा माल कमी आहे, आणि आसंजकावर साय धरली असेल तर तेवढा भाग खरवडून नवा ओढावा. भिंतीपाशी १० ते १५ मिलिमीटर जागा मोकळी ठेवून ती स्कर्टिंगखाली झाकतात. तीत गोंद किंवा लांबी भरू नये. पाण्याच्या गोंदावरचे पार्केट घासण्यापूर्वी आत गेलेले पाणी निघून जाऊ द्यावे, नाहीतर फुगलेल्या कडा आज सपाट घासल्या जातात आणि वाळल्यावर त्याच जागी खोलगट दिसतात.