डोंगरापलीकडचा प्रश्न

११ फेब्रुवारी २०११ ची रात्र. पारोळ्याच्या बाजारपेठेत दुकाने बंद व्हायच्या वेळी आम्ही चार-पाच जण एका दुकानातल्या टीव्हीसमोर उभे होतो. कैरोच्या तहरीर चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. तीस वर्षे सत्तेवर असलेला होस्नी मुबारक पायउतार झाला होता. कोणीतरी म्हणाले, “हा तर गेला. आता येणार काय? स्वातंत्र्य, की मुल्ला-मौलवी?” डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातून बशर अल-असद पळाला, तेव्हाही हाच प्रश्न कानी आला.

अरब देशांचा मी अभ्यासक नाही. पण हा प्रश्न ऐकला की मला आमच्या दक्षिणेची अजिंठ्याची डोंगररांग आठवते. इंग्रजी अमलात खानदेश मुंबई इलाख्यात होता आणि डोंगर ओलांडला की निजामाचा मुलूख लागे. तिथेही एक अनियंत्रित सत्ताधीश होता, त्याच्याविरुद्ध लोकांचा उठाव होता आणि हाच प्रश्न होता. फक्त धर्मांच्या जागा उलट्या होत्या. राजा मुसलमान, बहुसंख्य प्रजा हिंदू.

निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानामुळे सभा घ्यायची तर परवानगी लागे. राजकीय पक्ष काढणे तर दूरच. पण अशी सत्ता सभा बंद करू शकते, देऊळ आणि मशीद सहसा बंद करू शकत नाही. मग असंतोष तिथेच जाऊन बसतो. हैदराबादेत त्याला एक जागा आर्य समाजात मिळाली, इजिप्तमध्ये १९२८ साली स्थापन झालेल्या मुस्लिम ब्रदरहुडच्या मशिदी-दवाखान्यांत. लोक मुळात धर्मवेडे असतात म्हणून असे घडत नाही. बाकीची दारे आधीच लावून घेतलेली असतात.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसची बांधणी झाली आणि काम सुरू होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभेचाही सत्याग्रह उभा राहिला. सारी चळवळ जातीय आहे, असे म्हणायला सरकारला आयते निमित्त मिळाले. महात्मा गांधींच्या सल्ल्यावरून स्टेट काँग्रेसने डिसेंबरात आपला सत्याग्रह थांबवला. अनेक कार्यकर्त्यांना हे पटले नाही. ऐन भरात आलेला लढा थांबवणे सोपे नसते. तरीही मला तो निर्णय महत्त्वाचा वाटतो. निजाम गेल्यावर राज्य कुणाचे, धर्माचे की नागरिकांचे, हे निजाम गादीवर असतानाच ठरवायला हवे, एवढे भान त्यामागे होते.

दुसऱ्या बाजूलाही असे भान असलेली माणसे होती. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. मारणारे मुसलमान होते, मरणाराही मुसलमान होता.

पुढच्याच महिन्यात, १३ ते १७ सप्टेंबर, पोलीस कारवाई झाली. मराठवाडा मुक्त झाला. १९५२ च्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. म्हणजे स्वातंत्र्य आले. पण ते एकटे आले नाही. पंडित सुंदरलाल समितीच्या अंदाजाप्रमाणे कारवाईदरम्यान आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ लागली. रझाकारांचे अत्याचार खरे होते, आणि त्यांचा सूड ज्यांच्यावर उगवला त्यांतले असंख्य लोक रझाकार नव्हते, हेही खरे. तो अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही.

माझी आत्या कन्नडकडच्या एका खेड्यात दिलेली होती. रझाकारांच्या भीतीने शेतात काढलेल्या रात्री ती सांगायची आणि शेवटी न चुकता म्हणायची, “मुक्ती उनी, पन आपला पिंजारी परत उना नही.” गादी भरून देणारा तो माणूस कुठे गेला, हे तिला कधीच कळले नाही.

म्हणून ‘स्वातंत्र्य की धर्मसत्ता’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच दारातून येऊ शकतात. इजिप्तने २०१२ मध्ये ब्रदरहुडचे मोर्सी निवडून दिले. वर्षभरात लष्कराने त्यांना हटवले, आणि पुन्हा हुकूमशाहीच आली. ट्युनिशियात मात्र १९४६ पासूनची बळकट कामगार संघटना होती. तिने इतर तीन संस्थांसह धर्मवादी आणि धर्मनिरपेक्ष पक्षांना एका टेबलाशी बसवले. २०१४ मध्ये राज्यघटना झाली, २०१५ चे शांततेचे नोबेल या चौघांना मिळाले. २०२१ मध्ये तिथल्या अध्यक्षांनी संसद गोठवली, तेव्हा संघटना म्हणजे हमी नव्हे, हेही दिसले. हैदराबादेच्या पाठीशी भारताची लोकशाही उभी होती. कैरो किंवा दमास्कसला असा शेजार नाही.

सुंदरलाल अहवालात एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हल्लेखोरांपासून वाचवले, त्यात स्वतःचे जीवही गमावले. त्यांना जोडणारा धागा धंद्याचा होता. राजा पडायच्या आधी असे किती धागे विणून तयार आहेत, हे मी आता पाहतो. टीव्हीवर चौकातली गर्दी दिसते. हे धागे दिसत नाहीत.