अब्रूचा खटला आणि एक दिवसाचा फरक

मंडळी, राजकारणात अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला आपल्याकडे जुनाच. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्धच्या लिखाणापायी १८८२ साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. सुटले, तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं.

आता आपल्या जळगावाहून रेल्वेनं थेट जाता येतं त्या सुरतेकडे या. २३ मार्च २०२३ला तिथल्या न्यायालयानं भाजप आमदाराच्या फिर्यादीवरून राहुल गांधींना २ वर्षांची शिक्षा दिली. दुसऱ्याच दिवशी खासदारकी गेली! कारण तेव्हाच्या कलम ५००ची कमाल शिक्षा २ वर्षं होती, आणि लोकप्रतिनिधी अपात्र ठरतो तोही तेवढ्याच शिक्षेला. सर्वोच्च न्यायालयानं ४ ऑगस्टला दोषसिद्धी स्थगित करताना नेमकं हेच दाखवलं: कमाल शिक्षेचं कारणच दिलेलं नाही. एक दिवस कमी असता, तर वायनाडच्या मतदारांचा खासदार टिकला असता.