बंदूक खाली ठेवल्यानंतर

मी सिएरा लिओनचे यादवी युद्ध (१९९१ ते २००२) शिकवतो तेव्हा विद्यार्थी हिऱ्यांविषयी विचारतात, मुलांविषयी नाही.

बंडखोरांनी गावे लुटली तशी मुलेही पळवली. काहींच्या अंगावर संघटनेची अक्षरे कोरली, काहींना आपल्याच माणसांना मारायला लावले. हेतू एकच : परतायला घर उरू नये. २००२ च्या जानेवारीत निःशस्त्रीकरण संपले तेव्हा ७,००० च्या आसपास मुलांची नोंद झाली होती. त्यांत मुली फारच थोड्या. बंदूक जमा करील तो सैनिक, असा हिशेब. जिने रांधले, ओझी वाहिली, कमांडरची 'बायको' म्हणून दिवस काढले, ती काय जमा करणार?

थेरेसा बेटनकोर्ट यांनी २००२ पासून अशा मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. हत्या, बलात्कार यांचे व्रण खोल होतेच. पण परतल्यावर शेजाऱ्यांनी हिणवले की मन अधिक खचे. घराने, गावाने जवळ केले की सावरे. गावकुसाबाहेर वाढलेल्या मला यात नवे काही वाटले नाही. (मात्र एक फरक विसरू नये. तिथे कित्येक हातांना खरोखर रक्त लागले होते, आणि ज्यांनी जवळ करायचे त्यांचीच माणसे मेली होती.)

काही गावांत परतलेल्या मुलींना विधिपूर्वक स्नान घालून शुद्ध करून घेतले. विटाळ-शुद्धीची ही भाषा मला सहन होत नाही. शुद्धी करायची तर पळवणाऱ्यांची करा. पण त्या मुलींना कोणी आपल्या ताटात जेवू देत नव्हते. स्नानानंतर जेवू दिले.